गोजरेपणा

अहो पाहुणे, तिथं नका बसू! खुशाल ओसरीवर या, घोंगडं टाकतो. हा वडाचा पार बसायचा नाही. आमच्या गावात बाळंतीणसुद्धा इथं उभ्यानंच टेकते देवाला माथा. आणि वरच्याचा हुकूम मोडणाऱ्याला आम्ही म्हणतो, "लई गोजरेपणा करू नकोस." दोन्हींची गोष्ट एकच. आम्हाला शोभणारी नाही, पण विचारलंत तर सांगतो.

फार मागं इथं एक इनामदार होता म्हणे. एका दुष्काळात त्यानं तळ्याला काटेरी कुंपण घातलं. पाणी त्याच्या आमराईला, गावाला थेंब नाही. मग सगळं गाव देवळात जमलं आणि बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की उद्या इनामदार पारावर येईल तेव्हा सगळ्यांनी उभं राहून नाही म्हणायचं. त्याच्यापुढं रयतेनं मान खाली घालून बसायचं, उभं राहणं हाच तेव्हा मोठा गुन्हा. बेल पहिल्यांदा उचलला रायाजी पाटलानं. तो आमचा मूळपुरुष.

दुसऱ्या दिवशी इनामदार आला, वीस स्वार घेऊन. म्हणाला, "ज्याला हुकूम मान्य नाही, त्यानं उभं राहावं."

गोजरा कुंभारीण उठली. घरात तापानं फणफणलेली लेक होती तिची, पाण्यावाचून. नाही म्हणाली आणि मागं वळून बघते तर काय, सगळं गाव पारावर बसलेलं. कुणी मान वर करीना. रायाजी काठीनं माती उकरत होता.

"पाटील, उठा की! बेल तुम्हीच आधी उचललात ना?"

रायाजी एवढंच म्हणाला, "गोजरा, खाली बस."

ती बसली नाही. स्वारांनी तिचं चाक फोडलं, तिला वेशीबाहेर काढलं. लेकीला पाठीशी बांधून ती घाट चढून गेली, असं सांगतात. पुढं त्या दोघींचं काय झालं, कुणीच विचारलं नाही. उलट आपलं तोंड लपवायला गावानं तिच्या नावाचीच शिवी केली.

त्यानंतर पारावर बसलं की चटका बसायचा म्हणे. मला नाही खरं वाटत. दगड होता तसाच होता, लोकांनाच बसवेना.

आता हे सांगू की नको... सांगतो. गेल्या साली शाळेत ग्रामसभा होती. तळ्याच्या बांधालगत खडीची खाण काढायचा ठराव होता. आदल्या दिवशी आमच्याच ओसरीवर सगळे म्हणाले होते, विरोध करायचा. सभेत माझी सून सुलभा एकटी उठली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी, या वयात, चष्मा पुसत बसलो. आणि हळूच म्हणालो, "गोजरेपणा पुरे. खाली बस."

तीही बसली नाही. ठराव झाला. सून मला वेळेवर भाकरी वाढते, पण बोलत नाही. मी तरी कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी?

आजही या पारावर आमच्यातलं कुणी बसत नाही, पाहुणे. शाळेत मात्र खुर्च्या आहेत, तिथं आम्ही सगळे बसतो.