अनवाणी समर्थक

"पण बाबा, समोरचा अंगावर येऊन बोलायला लागला, तरी शांत कसं बसायचं?"

भानुदासने हे विचारलं तेव्हा तो गुलाबशाह फकिराच्या झोपडीसमोर एका पायावर उभा होता. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता.

नगराध्यक्षपदाची निवडणूक दोन दिवसांवर आलेली. भानुदास तात्यांच्या बाजूचा. तात्या अध्यक्ष होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, अशी त्याने भर चौकात शपथ घेतली होती. दुसऱ्या कुणी घेतली असती तर एक वेळ चाललं असतं. हा स्वतः चपला शिवणारा. गिऱ्हाईक त्याच्या पायांकडे बघायचं आणि तोंड फिरवून हसायचं.

"बस," बाबा म्हणाले. "पाय दे इकडे."

"पायाचं राहू द्या बाबा. डोक्याचं बघा."

"डोक्यापर्यंत माझा हात पोचत नाही. पाय दे."

भानुदास बसला. बाबांनी त्याची टाच मांडीवर घेतली आणि सुई काढली.

"काल काय केलंस?"

"...एकनाथाची कॉलर फाडली."

सुई थांबली.

एकनाथ त्याचा भागीदार. तीस वर्षं एकाच दुकानात समोरासमोर बसून एकनाथ तळ कापायचा आणि भानुदास पट्टे शिवायचा. एकनाथ तात्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या मॅडमच्या बाजूचा. त्यानेही चिडून तसलीच शपथ घेतली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बारा दिवसांत दुकानात एक चप्पल पुरी झाली नव्हती. एका कोपऱ्यात नुसते तळ, दुसऱ्या कोपऱ्यात नुसते पट्टे! या दोन शहाण्यांना काय म्हणावं, मला कळत नाही. दोघंही माझे जिवाभावाचे दोस्त, म्हणून जास्तच कळत नाही.

"त्यानं काय केलं होतं?" बाबांनी विचारलं.

"तात्यांना चोर म्हणाला. सगळ्यांच्या देखत."

"आणि त्याच्या आधी?"

"...त्याच्या आधी मी मॅडमना तेच म्हणालो होतो."

सुई पुन्हा चालू झाली.

"दुकान सोडतो म्हणतोय तो, बाबा. कायमचं. चामडं कापायची रापी, हातोडी, सगळं फडक्यात गुंडाळून ठेवलंय." भानुदासचा आवाज चिरकला. "त्याच्या हातचा तळ नसंल तर मी पट्टे कशावर शिवू? राग आवरायचा एखादा मंत्र द्या मला. पण एक आधीच सांगतो, तात्यांना मी सोडणार न्हाई."

"सोड म्हणालो का मी?"

काटा निघाला. बाबांनी तो शेजारच्या दगडावर ठेवला. तिथे आधीच एक काटा पडलेला होता. तेवढाच लांब, टोक तसंच काळं.

"ह्यो दुसरा कुणाचा?"

"सकाळी एकनाथ आला होता."

भानुदास ताठ झाला. "कशाला?"

"तू आलास त्यालाच. शब्दसुद्धा तेच."

"मग... त्याला दिलात मंत्र?"

"दिला."

"मला न देता? आधी त्याला?"

"आधी तो आला."

"काय दिलात?"

"झोप म्हणालो. आत झोपलाय."

भानुदास उठायला लागला. बाबांनी त्याची टाच सोडली नाही. हळद-तेल लावून, फडकं गुंडाळून, गाठ मारूनच सोडली.

तेवढ्यात एकनाथ दारात आला. उजव्या पायाला तसलंच फडकं. चेहरा झोपेने सुजलेला. सदऱ्याची फाटलेली कॉलर चपलेच्या जाड दोऱ्याने टाचलेली.

भानुदास कॉलरकडे बघत राहिला.

"कुणी शिवली ही?"

"मीच."

"दिसतंय."

"मग? फाडणाऱ्यानं शिवायची हुती."

"...दोरा मेणात घोळायचा असतो, एकनाथा. तीस वर्षं समोर बसलास, एवढं बघितलं न्हाईस?"

"मी माझा तळ बघत हुतो. तुझा पट्टा नीट बसावा म्हणून."

भानुदासने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. एकनाथने ते पाहिलं आणि तो उगाच आभाळाकडे बघू लागला.

आता दोघं काहीतरी बोलणार, एवढ्यात सडकेवरून मॅडमच्या प्रचाराची रिक्षा गेली. भोंगा कर्कश ओरडला, "येऊन येऊन येणार कोण?"

एकनाथ हात वर करून घोषणा द्यायला पुढे झेपावला. त्याच्यावर ओरडायला भानुदासही ताडकन उठला. दोघांनीही नेमका दुखरा पाय टेकला.

"आई गं!"

दोघं एकदमच ओरडले. दोघं एकदमच कलंडले. पडू नये म्हणून एकाने दुसऱ्याचा खांदा धरला, दुसऱ्याने पहिल्याची कमर.

रिक्षा निघून गेली. धूळ बसली. ते तसेच उभे.

बाबा पोटभर हसले. हसता हसता त्यांनी दगडावरचे दोन्ही काटे तळहातावर घेतले.

"तुझा कोणता, भानुदास?"

त्याने वाकून बघितलं. "...कळंना."

"एकनाथ, तुझा?"

एकनाथने नुसती मान हलवली.

बाबांनी काटे चुलीत टाकले आणि पाण्याचा तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला. आधी एकनाथ प्यायला, मग भानुदास.

"बाबा," भानुदास हळूच म्हणाला, "माझं मत तात्यांनाच. ते बदलणार न्हाई."

"माझं मॅडमला," एकनाथ म्हणाला. भानुदासचा खांदा त्याने अजून सोडला नव्हता.

"केंद्र एकच ना तुमचं?"

"होय. मराठी शाळेत."

"लांब आहे..." बाबा म्हणाले. "असेच जा परवा. दोघांचे मिळून दोन पाय धड आहेत."