जीपचा नवा रेडिओ

गाड्या आणि त्यांचे सुटे भाग आपापसात बोलत, त्या काळी एका जीपमध्ये जुना रेडिओ होता. घाटात तो खरखरायचा, अर्धे शब्द गिळायचा, पण बोलायचं सोडायचा नाही. जीपला त्याची लाज वाटे. लाज मेली नको तिथेच वाटते.

"चारचौघांत खोकतोस कशाला रे?"

"आवाज तुटतो गं बाई. कळतं तेवढं सांगतो."

जीपने हट्टच धरला. मग मालक धाकूने जुना रेडिओ काढून नवा डिजिटल बसवला. आवाज कसा, घासलेल्या तांब्यासारखा लख्ख.

एका पावसाळ्यात घाट चढताना नवा रेडिओ गप्प झाला. जीप निर्धास्तपणे वळण घेते, तर समोर कोसळलेली दरड. जीप तिच्यावर आदळली आणि धाकूचा पाय मोडला. लोकांनी त्याला उचलून नेलं.

"दरडीची बातमी आली नव्हती का रे?" जीपने विचारलं.

"आली होती, पण तुटकी. अर्धवट बोलणं मला शोभत नाही."

"अरे, 'दरड' एवढं म्हणाला असतास तरी मी थांबले असते."

तेवढ्यात ढग हटले. रिकाम्या सीटपुढे नवा रेडिओ स्वच्छ गाऊ लागला, आणि त्याला बंद करायला गाडीत कोणी नव्हतं.