परीच्या मापावरची रेघ

डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बेटाला लागून एक झोपडी होती. तिथल्या मडक्यांत बरेचदा नुसता वाराच भरलेला असायचा. त्या झोपडीत रुंजी राहायची. बाबा टोपल्या विणायचे, पण यंदा त्यांना ताप आला तो जाता जाईना, म्हणून टोपल्या आता रुंजीच विणायची. त्यात शेजारच्या आंधळ्या येसूआजीला आणि तिच्या चिमुकल्या नातवाला, गणूला, कुणी उरलं नाही. रुंजीने दोघांना सरळ आपल्या चुलीपाशी आणून बसवलं. लोक म्हणाले, हा तर दुष्काळात तेरावा महिना. म्हणोत बापडे! आजी दोर वळायची आणि त्याचे मूठभर दाणे घरात आणायची.

वरच्या देवराईत दाणेपरी राहायची. तिचे पंख कोवळ्या भातासारखे हिरवे-सोनेरी, आणि पायांत दवाचे इवलेइवले पैंजण. तिच्यापाशी एक चांदीचं माप होतं आणि मापाच्या आत चमचमती निळी रेघ. प्रत्येक घराने आपली महिन्याची कमाई दाण्यांच्या रूपात त्यात ओतायची. दाणे रेघेखाली राहिले, तर परी पुढच्या पिकापर्यंत पुरेल इतकं धान्य द्यायची. रेघेच्या वर गेले, तर काही नाही. आणि एका चुलीवर जेवतात ते सगळे मिळून एक घर, असा तिचा नियम.

आता आली का पंचाईत? आजीचे दाणे मिळवले की रुंजीचं घर रेघ ओलांडणार होतं. आणि परीचं धान्य नाही मिळालं, तर आजारी बाबांना पेजही मिळणार नव्हती.

शेजारच्या गोजामावशीने कानात सांगितलं, अंगणात तीन दगड मांड आणि सांग आजीची चूल वेगळी आहे म्हणून. सगळे तेच करतात, परी काय चुली फुंकून बघते? रुंजीने दगड मांडले. तेवढ्यात गणूने विचारलं, आता आम्ही इकडे एकटंच जेवायचं का? रुंजीने ते दगड उचलून लांब फेकून दिले.

देवराईत तिने सगळे दाणे मापात ओतले. ते रेघेच्या जरासे वर गेले. दुसरं कुणी रडत घरी गेलं असतं. पण ही पोर मापात डोकावून बघतच राहिली.

"परीताई, ही रेघ इथेच का गं? थोडी वर का नाही?"

परीचे पंख थरथरले. ती म्हणाली, हे आजवर कुणी विचारलंच नाही, म्हणून तुला एक वर देते. पण त्यात खोटं नको, आणि दुसऱ्याच्या तोंडचा घासही जायला नको.

मग रेघच पुसून टाक, असं रुंजी म्हणाली. परीने तिला एका दवबिंदूत दाखवलं: रेघ नाही, तेव्हा बैलगाड्यांवाले धावत पुढे आले, पोती भरभरून घेऊन गेले, आणि लंगडत आलेल्या म्हाताऱ्याला एक दाणाही उरला नाही. रुंजी हळहळली. म्हणजे रेघ हवीच. मग चुकतंय कुठे? ती गाल फुगवून विचार करत बसली.

"तुझं माप दाणे बघतं, पण तोंडं बघत नाही," ती हळूच म्हणाली. "रेघेने आधी विचारावं, जेवणारे किती, आणि मग ठरवावं कुठे थांबायचं. हाच माझा वर."

परी गोड हसली. रेघ सुळकन तळाशी उतरली. परीने विचारलं, सांग, तुझ्या घरी कोण कोण जेवतं? बाबा, म्हणताच रेघ वर सरकली. येसूआजी. अजून वर. गणू. अजून थोडी वर. पण दाणे तरीही रेघेच्या वरच. रुंजीचा चेहरा पडला.

"आणि सगळ्यांना वाढतं कोण?" परीने विचारलं.

"मी."

"मग तू जेवत नाहीस का गं?"

"उरलं तर जेवते."

रेघ झपकन उसळली ती दाण्यांच्या पार वर. देवराई निळ्या-सोनेरी उजेडाने न्हाऊन निघाली, पैंजण रुणझुणले आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. झाडांखाली धान्याची पोती उभी होती. माप तिथेच राहिलं, आणि तेव्हापासून ते प्रत्येकाला आधी तोंडं विचारतं.

त्या संध्याकाळी येसूआजीने चाचपडत पहिलं ताट रुंजीपुढे सरकवलं, आणि ते रिकामं होईपर्यंत तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.