दक्षिणेची भिंत

एकदा एका धाकट्या भावाला एक प्रश्न पडला: दादा शेवटी काय म्हणाला? तो प्रश्न त्याने भेटेल त्याला विचारला आणि कोणीही त्याचं उत्तर दिलं नाही.

शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, कारण बांधकामावर कोसळलेला दादा आधी त्यालाच दिसला होता. म्हाताऱ्याने नुसता त्याचा हात हातात घेतला. रुग्णवाहिकेवरच्या बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोनवर विचारलं. ती म्हणाली, आम्ही पोहोचलो तेव्हा ते बोलण्यापलीकडे गेले होते. वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी तिथे असते तर..." आणि वाक्य तिथेच टाकून ती घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

थोरला पंधरा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात गेला होता. तिथे घरं आखणाऱ्या एका वृद्ध मराठी गृहस्थांच्या हाताखाली तो शिकला, दुसऱ्यांची घरं उभी करत राहिला आणि अखेर दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात त्याने स्वतःचं घर बांधायला काढलं. धाकटा सातवीत शाळा सोडून वडिलांबरोबर सुतारकामाला लागलेला. हात सोन्याचा, पण बूड एका जागी टेकेल तर शपथ. तो विमानाने पोहोचला तेव्हा दादाला अग्नी देऊन चार दिवस झाले होते. वहिनीने भिंतीवर लावायला दादाचा फोटो त्याच्या हाती दिला. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. खिळा ठोकायचं नाव काढलं की तो उठून बाहेर जायचा.

घराच्या मागच्या दोन खोल्या झाल्या होत्या. पुढची मोठी खोली अर्धवट होती. तिचं छप्पर तिरकं, उत्तरेकडे उंच चढत गेलेलं. त्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच बसायची होती, पण ती अजून आली नव्हती, म्हणून सगळं तोंड प्लायवूडने बंद केलेलं. समोरची दक्षिणेची भिंत मात्र कोरी, एकही खिडकी नसलेली. खाली फरशी म्हणून नुसतं घोटलेलं काँक्रीट. जून महिना होता, आणि त्या मुलखात जूनमध्ये दात वाजतात.

"हे घर नाही भाऊजी, बर्फाचा कारखाना आहे," वहिनी म्हणाली. "फरशी बघा, गोठ्यातल्यासारखी. पोरगी रात्रभर खोकते. मी तिला घेऊन माहेरी जाते. घर विकायचं तर विका."

स्वयंपाकघरात खोकी भरून, चिकटपट्टी लावून तयार होती. एकावर तिने लिहिलं होतं: डबे.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. दादाने ज्या घरासाठी जीव टाकला ते असं परक्याच्या हाती जाणार? त्याने मोबाईलवर दिशा पाहिली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. निदान त्याला तसं वाटलं. वडील सांगायचे, थंडीत सूर्य दक्षिणेला झुकतो, थंड वारा उत्तरेकडून येतो; म्हणून उत्तर झाकावी, दक्षिण उघडी ठेवावी. इथे तर नेमकं उलटं काढलेलं! दादा असा कसा चुकला?

विचारायला कोण होतं? त्याने करवत घेतली आणि दक्षिणेच्या भिंतीला छातीच्या उंचीवर हातभर रुंद भोक पाडलं. उद्या तिथे खिडकी बसवायची, परवा उत्तरेला पक्की भिंत उभी करायची. त्या भोकातून समुद्रावरचा वारा असा आत घुसला की वहिनी डोक्यावर शाल घेऊन बाहेर आली, भोकाकडे बघत राहिली, आणि मग तिने त्या वृद्ध गृहस्थांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वृद्ध गृहस्थ आले. अंगात जाड कोट, डोक्याला माकडटोपी. त्यांनी भोकाला हात लावून पाहिला.

"काप साफ आहे," ते म्हणाले. "हात दादासारखाच."

धाकटा भांडायच्या तयारीने उभा होता.

वृद्धांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि उत्तरेकडच्या प्लायवूडचे स्क्रू स्वतः सोडवायला सुरुवात केली. धाकट्याला राहवेना, त्याने उरलेले काढले. अख्खं तोंड मोकळं झालं. आता दोन्हीकडून वारा. मग वृद्धांनी खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली आणि त्याच्या हातात खडूचा तुकडा दिला.

"धाकटे, आज दिवस मावळेपर्यंत इथे बसायचं. ऊन तुमच्या अंगावर येईल तिथे खडूने खूण करायची. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. दुसरं काही करायचं नाही."

"काका, मला काम सांगा. बसणं हे काय काम झालं?"

"अवघड आहे खरं. तुमच्या दादालाही पहिल्या दिवशी हेच दिलं होतं."

"तो किती वेळ बसला?"

"अर्धा तास. मग म्हणाला, काका, चहा ठेवतो. आणि पळाला."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा धाकट्याच्या ओठाचा कोपरा हलला.

त्याने खुर्ची उचलली आणि भोकासमोर नेऊन, दक्षिणेकडे तोंड करून बसला. तीन आठवडे आभाळ भरलेलं होतं. आज ते स्वच्छ होतं. येईल, ऊन फिरून इकडूनच येईल. नऊ वाजले. भोकातून वारा तोंडावर बसत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. तो दहादा उठला, दहादा बसला. दहा वाजता सहा वर्षांची पुतणी कानटोपी घालून आली.

"काका, तू चुकीच्या बाजूला बघतोयस."

"गप गं. सूर्य यायचाय इथून."

"तिथून नाही येत. आमच्या टीचरने सांगितलंय, सन नॉर्थला असतो. तुमच्या शाळेत नव्हतं शिकवलं?"

"आमच्या शाळेत सूर्य शहाण्यासारखा वागायचा."

ती हसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मग तुझी पाठ गरम कशी?"

धाकटा दचकला. पाठ खरंच गरम होती. समोर भिंतीवर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने मान वर केली. त्याची स्वतःचीच सावली त्या भोकाखाली पडली होती.

त्याने खुर्ची फिरवली. उत्तरेच्या उघड्या तोंडातून ऊन आत येत होतं, सरळ, भरपूर. या मुलखात सूर्य उत्तरेकडून जातो. पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या अर्ध्यात तसंच चालतं. त्याने पहिली खूण केली. मग पुतणीने दुसरी केली आणि कोणाची बरोबर यावरून दोघं भांडली. सूर्य वर चढत गेला तसं ऊन भिंतीपासून मागे सरलं. बारा वाजता खोलीच्या मध्यापलीकडे. मग सूर्य खाली येऊ लागला तसं ते पुन्हा आत आत सरकलं, एक वाजता पुतणीच्या गुडघ्यांवर. तीनच्या सुमाराला ते पुन्हा मागच्या भिंतीवर चढलं आणि बरोबर त्या भोकाच्या खालच्या कडेला येऊन थांबलं. त्याने तिथेही खूण केली.

"मी वेडा आहे काका," तो म्हणाला. "पुरता वेडा."

वृद्ध दिवसभर कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून होते. ते उठले, गुडघे धरत त्याच्याजवळ आले.

"वेडे नाही. गावाकडे ऊन जिथे असायचं तिथे तुम्ही ते शोधलंत. मनुष्य असंच करतो. पण धाकटे, दादा शेवटी काय म्हणाला, हा तुमचा प्रश्नही या भिंतीसारखाच आहे. त्या बाजूला काही नाही. कितीही कापा, तिथून वाराच येईल. तो बोलला नाही असं नाही. तो या बाजूने बोलत होता." त्यांनी उत्तरेकडे हात केला. "या काचेच्या उंचीसाठी दोन महिने त्याने माझं डोकं खाल्लं. एकच विचारायचा: काका, ऐन थंडीत ऊन मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल ना? मी कागदावर आकडा काढून दिला. त्याचा कागदावर विश्वास बसत नसे."

ते भिंतीवरच्या खुणेकडे वळले.

"तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडेच नाही. त्याच्या प्रश्नाला होतं. ते आज तुम्ही खडूने दिलंत."

धाकटा खुर्चीत बसून राहिला. ऊन गेलं तरी बसून राहिला. पहिल्यांदाच त्याला उठावंसं वाटलं नाही. तो रडला तेव्हा वृद्ध उत्तरेचं प्लायवूड पुन्हा लावण्यात गुंतल्यासारखे पाठमोरे उभे होते.

संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आली. चपला दाराशीच राहिल्या होत्या. चार पावलं टाकून ती थांबली, खाली बघितलं, मग वाकून तळहात फरशीला टेकवला. उन्हं जाऊन तास होऊन गेला होता आणि काँक्रीट अजून कोमट होतं. ती तिथेच खाली बसली, चहा बाजूला ठेवून.

"मला म्हणायचा, एक थंडी काढ, मग बोल," ती म्हणाली. "मी रोज त्याला गोठा गोठा म्हणून चिडवायचे."

तिने डोळे पुसले.

"भाऊजी, ते डब्यांचं खोकं फोडा. साखर त्यातच आहे. तुम्हाला बिनसाखरेचा चहा दिलाय."

जी बाजू आता उजळत नाही तिकडे आपण भिंती कापत बसतो आणि ऊन मात्र पाठीवर येऊन थांबलेलं असतं.

काच त्या गुरुवारी बसली. धाकट्याने दक्षिणेचं भोक आतून-बाहेरून फळ्यांनी असं मिटवलं की सांधा बोटालाही लागू नये. खडूची खूण तेवढी फळीवर पुन्हा उमटवून ठेवली. परतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने बॅगेच्या तळातून फोटो काढला, वर्तमानपत्र सोडलं आणि त्या खुणेवर खिळा ठोकला.

"इतका खाली?" वहिनी म्हणाली. "दक्षिणेची भिंत बरोबर आहे, पण फोटो वर लावतात."

"ऊन इथवरच येतं, वहिनी."

पुतणीने चाचपून पाहिलं. तिचा हात पुरत होता. तिने खिशातलं पिवळं रानफूल चौकटीत खोचलं.

तीन वाजता ऊन भिंतीवर चढलं. धाकटा समोरच खुर्चीत बसला होता आणि दादाच्या कपाळावर त्याच्या डोक्याची सावली आली. तो उठला, खुर्ची उचलली आणि बाजूला झाला.