स्थपतीने अपुरा ठेवलेला मंडप

फार पूर्वी, नद्यांना अजून पुलांची ओळख झालेली नव्हती त्या काळी, एका नगरात एक वृद्ध स्थपती राहत असे. नगरातील देवळे, घाट आणि वेशी त्याच्याच देखरेखीखाली उभ्या राहिल्या होत्या. त्याच्या हातचा चिरा इतका नेमका बसे की सांध्यात सुईचे टोकही शिरत नसे. या गोष्टीचा त्याला रास्त अभिमान होता. रास्त म्हणता येईल त्याहून किंचित अधिकच.

त्या नगरात चार पेठा होत्या: कुंभारांची, कोष्ट्यांची, तांबटांची आणि माळ्यांची. प्रत्येक पेठेची गाणी वेगळी, खेळ वेगळे, सोंगे वेगळी. परंतु एकीचे गाणे दुसरीने कधी ऐकलेले नव्हते, कारण चौघींनी एकत्र बसावे अशी जागाच नगरात नव्हती. राणीला याची खंत वाटे. तिने स्थपतीला बोलावून नदीकाठची मोकळी जागा दिली आणि तेथे सर्वांसाठी एक कलामंडप उभारण्यास सांगितले.

"एक अट आहे," राणी म्हणाली. "मंडप बांधून देणे हे माझे काम, तो जपणे हे नगराचे. बांधून झाल्यावर दोन वर्षांनी मी पाहायला येईन. तो नांदता दिसला नाही, तर ती जागा हत्तीशाळेला देईन. हत्ती निदान तेथे रोज राहतील तरी."

स्थपतीने मान लववली. ही आपल्या हातची अखेरची वास्तू, हे तो जाणून होता. आपल्या पश्चात तिच्यात हत्ती झुलावेत, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

त्याने जीव ओतून काम केले. भिंती दुहेरी चिऱ्यांच्या केल्या, छत बंदिस्त केले, जमीन आरशासारखी घोटून घेतली. कुंभार आपली कौले घेऊन आले, त्यांना त्याने गोड बोलून परत धाडले. माळ्यांनी वेल लावण्याची परवानगी मागितली, तेव्हा वेलींमुळे सांधे उकलतात, असे त्यांना ऐकवले. आपल्या अखेरच्या कामाला परका हात लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मंडप खुला झाला त्या दिवशी सारे नगर लोटले. लोकांनी माना उंचावून पाहिले, तोंडभरून वाखाणले आणि ते आपापल्या घरी गेले. पुन्हा मात्र कोणी फिरकले नाही. चैत्रात मंडपाची भट्टी होई. वारा घालण्यासाठी वीस माणसे लागत आणि भर दुपारी पन्नास समया पेटवाव्या लागत. छतावरचे पावसाचे पाणी तसेच वाहून नदीला मिळे. वर्ष सरले तेव्हा तेथे केवळ पारवे नांदत होते.

अखेरीस स्थपती स्वतः पेठापेठांतून हिंडला. जो तो मंडपाची स्तुती करी आणि विषय बदली. कुंभारांच्या पेठेत गोदाक्का म्हणून सर्वांत वडीलधारी, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ अशी बाई होती. चाकावरचे मडके उतरवीत ती म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर एक विचारते. लग्नघरी गेल्यावर ज्याला कोणी लसूण सोलायलासुद्धा सांगत नाही, तो काय करतो?"

"जेवतो आणि निघतो," स्थपती म्हणाला.

"आणि ज्याला सांगतात?"

उत्तरही तिनेच दिले.

"तो चार दिवस हलत नाही. वर आचाऱ्याला अक्कल शिकवतो. तुम्ही आम्हां सगळ्यांना पाहुणे करून ठेवलेत, बाबा. पाहुणा कितीदा येणार?"

स्थपतीला तीन दिवस अन्न गोड लागले नाही. त्याच्या भिंतीला आजवर कोणी पहार लावलेली नव्हती. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच पहार उचलली आणि पूर्वेकडचा पहिला चिरा निखळवला. त्याच्यासोबत म्हातारा झालेला गवंडी ते पाहवेना म्हणून पाठ फिरवून उभा राहिला.

मग त्याने चारही पेठांना बोलावणे धाडले आणि सांगितले की, आपल्याला दगड कळतो. वारा, सावली आणि पाणी त्यांना अधिक कळते. कुंभारांनी मातीच्या नळ्या एकमेकींवर रचून भिंतीच्या जागी जाळी उभारली. तिच्यातून वारा गार होऊन येऊ लागला. कोष्ट्यांनी पश्चिमेला जाडेभरडे पडदे लावले, ते उन्हाळ्यात भिजवायचे ठरले. तांबटांनी पन्हळी ठोकून छताचे पाणी टाक्यात आणले आणि त्या पाण्यावर माळ्यांनी वेली चढवल्या. मधली घोटीव फरशी काढून तेथे मातीची जमीन केली. ती आठवड्याला सारवण्याची पाळी एकेका पेठेकडे आली.

"हे काम कधी पुरे व्हायचेच नाही," गवंडी कुरकुरला.

"न होवो," स्थपती म्हणाला.

सारवायला आलेल्या बाया गाण्यासाठी थांबू लागल्या. पन्हळ दुरुस्त करताना तांबटांनी धरलेला ठेका कोष्ट्यांनी उचलला. हळूहळू प्रत्येक पेठ दुसरीची गाणी शिकली आणि त्यांतील चुकाही काढू लागली.

ठरल्या दिवशी राणी आली. सोबत जागा मोजण्यासाठी दोरी घेतलेला माहूत होता. दुरूनच कल्लोळ ऐकू आला. माळ्यांच्या वेलीने कोष्ट्यांच्या पडद्यावर हिरवे डाग पाडले होते.

"तुमच्या वेलीला आपला पदर सावरता येत नाही का?" एक कोष्टीण विचारत होती.

"तुमच्या पडद्यानेच तिच्या अंगावर जाऊ नये," माळीण उत्तरली.

भिजल्या पडद्याच्या पाण्याने सारवण उखडले, म्हणून कुंभार रुसले होते. आणि या गलक्यात आपली तालीम बुडते, अशी तांबटांची तक्रार होती. राणीने आत पाऊल ठेवले, तोच गोदाक्का वळूनही न पाहता म्हणाली, "ओले आहे. पाय मागे घ्या."

राणीने पाय मागे घेतला. स्थपतीचा चेहरा उतरला.

"मी गाणी ऐकायला आले होते," राणी त्याला म्हणाली. "तुम्ही तर येथे भांडण बांधून ठेवले आहे."

"होय, सरकार," स्थपती हात जोडून म्हणाला. "पहिले वर्षभर येथे शांतता होती. तिची विचारपूस करायलाही कोणी आले नाही. परक्या घरावरून कोणी भांडत नसते."

राणीने माहुताला दोरी गुंडाळण्यास सांगितले, पायांतील जोडे काढले आणि आपल्याच पावलाने उमटलेला ठसा सारवण्यासाठी ती खाली बसली. गोदाक्काने शेणकाल्याची पाटी तिच्यापुढे सरकवली आणि तिचा हात उलटा फिरतो आहे, हेही तिला सांगितले.

तात्पर्य: जे सर्वांचे व्हावे असे वाटते, ते प्रत्येकाच्या हाताला काम उरेल इतके अपुरे ठेवावे.