हैबतीची हाक

एकदा एक बाई होती. चाळिशी उलटली, अक्कलदाढ आली आणि किडून पडलीसुद्धा, अक्कल मात्र अजून वाटेतच आहे, असं ती स्वतःच सांगायची. तिचा ताजा मूर्खपणा असा: धाकटी बहीण अंथरुणाला खिळलीय हे चार तोंडांनी कळूनही ही गेली नव्हती. दोघींत तीन वर्षांचा अबोला. ‘तिनं निरोप धाडावा, मग जाईन,’ एवढंच हिचं पालुपद.

हेच गाऱ्हाणं घेऊन ती आपल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चल, जुन्या शहराची वेस बघून येऊ.”

वेशीचा दरवाजा प्रचंड. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे, आतून अडसर, अजूनही बंद. पण शेजारचा तट केव्हाच ढासळलेला. शेळ्या तिथून निवांत ये-जा करत होत्या. आत वस्ती उरली नव्हती, नुसत्या बाभळी.

गुरुजींनी वहाणा काढल्या, कडी तीनदा वाजवली. “मी हैबती. दार उघड.” आणि खरोखरच वाट बघत उभे राहिले.

बाईला हसू आवरेना. “गुरुजी, शेळ्यांना विचारलं असतंत तर त्यांनी वाट दाखवली असती.”

“शेळ्यांचं आत कुणी नव्हतं,” म्हणत गुरुजी तिथल्याच दगडावर टेकले.

“माझा धाकटा भाऊ इथं पहाऱ्यावर होता. धामधुमीचे दिवस, दार दिवसाही बंद. शिस्त अशी, की बाहेरच्यानं आपलं नाव पुकारल्याशिवाय अडसर काढायचा नाही. मग तो सख्खा का असेना. आमचं भांडण झालेलं. ते मिटवायला म्हणून मी आलो आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत इथं नुसता उभा राहिलो. वरच्या झरोक्यातून तो मला बघत होता. मला वाटलं, दिसतोय ना मी? थोरल्यानं धाकट्यापुढं नाव काय पुकारायचं? तो हुकमाला बांधलेला, मी ताठ्याला. परत गेलो. त्याच पावसाळ्यात शहरात पटकीची साथ आली.”

त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

“तीन अक्षरांचं नाव गं. आता दरवर्षी येऊन सांगतो.”

बाई पदर खोचून निघाली. बहिणीच्या गावची वाट तिथूनच फुटत होती. दोन पावलं गेली आणि थबकली.

“गुरुजी, मी हाक मारली आणि तिनं आत घेतलंच नाही, तर?”

“तर बाहेर राहशील,” गुरुजी म्हणाले. “आत्ता कुठं आत आहेस?”