सुरगाठीची हौस

दोरांनाही तोंडं होती, तेव्हाची गोष्ट. गोठ्यात वासराच्या दाव्याला एक सुरगाठ होती. तिचं शेपूट, म्हणजे दोराचं मोकळं टोक, ओढलं की ती लगेच सुटायची. विहिरीवर पोहऱ्याच्या कडीला निरगाठ होती. ती कुणालाच दाद देत नसे.

"किती गं हटवादी तू! मी बघ, कुणाला नाही म्हणत नाही," असं हिणवून सुरगाठीने एक दिवस तिची जागा घेतली.

पोहरा भरून वर निघाला. वाटेत सुरगाठीचं शेपूट विहिरीच्या दगडात अडकलं. कुणीतरी बोलावतंय असं वाटून ती सवयीने म्हणाली, "आले हं!" आणि सुटली.

बुडता बुडता पोहरा म्हणाला, "सुरगाठबाई, स्वभाव फार गोड हो तुमचा! फक्त आधी सांगायचंत, मी पोहायला शिकलो असतो."